खरातबाई आणि पेस्टिंग खात्याचं रक्त

आमच्या कारखान्यात शिशावर एकच औषध होतं, ते म्हणजे गूळ. रोज जेवणाच्या सुट्टीआधी दवाखान्याच्या खिडकीत एक परात ठेवली जायची आणि शिशाच्या खात्यांतली माणसं रांगेनं येऊन त्यातला एकेक खडा उचलून तोंडात टाकायची. हात न धुता. भुकटीनं राखाडी झालेली बोटं गुळात, आणि मग तीच बोटं तोंडात. गुळानं छाती आणि पोट साफ राहतं, असं कंपनीचं म्हणणं होतं. हा शोध कुणी लावला होता कोण जाणे, पण पर्सोनेल मॅनेजरपासून युनियनच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांचा त्याच्यावर विश्वास होता. युनियननं तर एका वर्षी दोन दिवस काळ्या फिती लावून गुळाचा खडा मोठा करून घेतला होता.

खरातबाई लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाल्या त्या दिवशी त्यांनी ही रांग पाहिली. दारात उभं राहून पहिल्या माणसापासून शेवटच्या माणसापर्यंत पाहिली. मग आत आल्या, पर्स टेबलावर ठेवली आणि मला विचारलं, "हा प्रसाद कुठल्या देवाचा?"

मी म्हटलं, "कंपनीचा. शिसं बाधू नये म्हणून देतात."

"हात धुवायचा नळ कुठंय?"

"कँटीनच्या मागं."

"म्हणजे प्रसाद इथं आणि नळ तिथं," त्या म्हणाल्या. "हुशार माणसं दिसतात."

कारखाना मुलुंडला, आग्रा रोडवर. मोटारींच्या बॅटऱ्या बनायच्या. मी तिथं टायपिस्ट होते. नोकरी पर्सोनेल खात्याची, पण डॉक्टरांचे रिपोर्टही मीच टाईप करायचे, म्हणून माझं टेबल दवाखान्याच्या लाकडी पार्टिशनला चिकटून होतं. पार्टिशन जेमतेम छातीइतकं उंच. पलीकडचा शब्दन् शब्द ऐकू यायचा.

शिशाची भुकटी, पाणी आणि ॲसिड कालवून त्याचा चिखल करायचा आणि तो शिशाच्याच जाळ्यांवर थापायचा, त्या खात्याला पेस्टिंग म्हणत. थापलेल्या जाळ्या वाळल्या की भुकटी उडायची. तिथला माणूस बाहेर आला की त्याच्या भुवया, मिशा, कानाच्या पाळ्या, सगळं राखाडी. गिरण्यांचा संप लांबल्यावर लालबाग-परळमधली कितीतरी कोकणी माणसं काम शोधत उपनगरांत आली, त्यातली काही आमच्याकडे बदली कामगार म्हणून लागली. ती बहुतेक सगळी पेस्टिंगमध्येच, कारण त्या खात्यात जागा नेहमी रिकाम्या होत. त्या का रिकाम्या होतात, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. मीही कधी विचारलं नाही.

खरातबाई चाळिशीच्या होत्या. ठेंगण्या, सावळ्या, फिकट रंगाची सुती साडी, त्यावर पांढरा कोट, आणि नाकाच्या शेंड्यावर जाड काचांचा चष्मा. राहायला घाटकोपरला, मूळच्या जालन्याकडच्या. आधी सोळा वर्षं शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या. ती नोकरी का सोडली, असं मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "तिथल्या साहेबांना माझा रिपोर्ट वाचायच्या आधी माझं आडनाव वाचायची सवय होती." यापलीकडे त्या विषयावर कधी बोलल्या नाहीत.

त्यांच्या सवयी आम्हाला आधी हास्यास्पद वाटल्या. डबा खायला त्या फाटकाबाहेर जायच्या आणि वॉचमनच्या केबिनमागच्या बाकावर बसायच्या. खायच्या आधी स्वतःच्या डबीतला साबण काढून कोपरापर्यंत हात धुवायच्या, एकदा नाही, तीनदा. कोट कधी घरी न्यायच्या नाहीत. दवाखान्याच्या मोरीत स्वतः धुवायच्या. चहा मागवला तर ओतण्याआधी कप उलटा करून बुड बघायच्या. आणि कंपनीच्या कुठल्याही छापील किंवा टाईप केलेल्या कागदाला त्या 'साहित्य' म्हणायच्या. मी रिपोर्टची फाईल पुढे केली की म्हणायच्या, "आण, बघू आज काय साहित्य आलंय." सर्वांत जास्त आदरानं त्या ज्याच्याशी बोलायच्या, त्याची त्यांना सर्वांत जास्त किळस असायची. हे मला कळायला दोन महिने लागले. आमच्या डॉक्टरांना ते शेवटपर्यंत कळलं नाही.

डॉक्टर दिघे मंगळवारी आणि शुक्रवारी तासभर येत. माणसाची पापणी खाली ओढायची, जीभ बघायची, "पालेभाजी खात जा" म्हणायचं आणि लोहाच्या गोळ्या लिहायच्या, एवढी त्यांची तपासणी. आमच्या सगळ्या रिपोर्टांत 'अशक्तपणा' हा एकच आजार होता. तो शब्द मी इतक्या वेळा टाईप केला होता की बोटं आपोआप चालायची.

खरातबाईंनी पहिल्या दोन महिन्यांत पेस्टिंगमधल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. बोटाला सुई टोचून थेंब काचेवर पसरायचा, निळा रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. एका दुपारी त्यांनी पार्टिशनवरून मला हाक मारली. "कुंदा, इकडं ये गं. डोळा लाव."

मी डोळा लावला. फिकट गुलाबी चकत्या दिसल्या, आणि त्यातल्या कितीतरी चकत्यांवर बारीक निळे ठिपके, मोहरी फोडून भुरभुरावी तसे.

"हे शिसं का?"

"शिसं नव्हे, शिशानं केलेली नासाडी. ते रक्त पिकू देत नाही. कच्च्या पेशी बाहेर पडतात आणि लवकर मरतात. आणि आमचे महाशय त्यावर पालेभाजी लिहून देतात."

शुक्रवारी त्यांनी महाशयांना हेच दाखवलं. डॉक्टरांनी मायक्रोस्कोपमध्ये क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, "मलेरिया असेल."

"मलेरिया मी सोळा वर्षं ओळखत आलेय, डॉक्टरसाहेब. हा नाही."

"मग खाण्यापिण्याची आबाळ. एकेका खोलीत पंधरा-पंधरा माणसं राहतात, खानावळीत जेवतात. दुसरं काय होणार?"

"पॅकिंगमधली माणसं त्याच खोल्यांत राहतात, त्याच खानावळीत जेवतात. त्यांचं रक्त स्वच्छ आहे. खानावळवाली पेस्टिंगवाल्यांना वेगळं वाढते का, हे मला ठाऊक नाही. आपण एकदा चौकशी करावी."

डॉक्टर हसले. त्यांना ती सूचना वाटली.

त्या वर्षी आमच्या कारखान्यात अपेंडिक्सची साथ आली होती. हा शब्द अर्थातच खरातबाईंचा. पेस्टिंगमधल्या दोघांच्या पोटात असह्य कळा आल्या, दिघ्यांनी दोघांना ऑपरेशनला पाठवलं, दोघांची अपेंडिक्स काढली. सुट्टी संपवून ते परत त्याच खात्यात आले आणि महिन्याभरात पुन्हा पोट धरून बसले. आता काढायला काही शिल्लक नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी त्यांना ॲसिडिटी दिली. तिसरा नंबर दत्ताराम परबचा. हा मालवणकडचा, गिरणीतून आलेला, पस्तिशीचा उंच माणूस. सकाळी दोघांनी त्याला धरून दवाखान्यात आणला तेव्हा तो गुडघे छातीशी घेऊन बाकावर आडवा झाला.

"बाई, पोटात पीळ पडता," तो म्हणाला. "कोन तरी धुना पिळता तसो."

दिघे त्या दिवशी नेमके होते. पोट दाबल्यासारखं करून त्यांनी चिठ्ठी लिहिली, आणि कंपनीच्या गाडीनं परबला मुलुंडमधल्याच एका हॉस्पिटलात पाठवलं. डॉक्टर फाटकाबाहेर पडेपर्यंत खरातबाई काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी परबची स्लाइड रुमालात गुंडाळली, पर्समध्ये ठेवली आणि रिक्षा केली. पुढचं मला परबनंच नंतर सांगितलं. त्याला ऑपरेशनचा हिरवा झगा घातला होता. बाई थेट वॉर्डात शिरल्या. नर्सनं अडवलं तर म्हणाल्या, "अपेंडिक्स कुठं पळून जात नाही, दहा मिनिटं थांबेल." सर्जन नवीन होता, नुकताच लागलेला. त्याला त्यांनी परबचा वरचा ओठ उचलून हिरड्या दाखवल्या. दातांच्या कडेनं शिसपेन्सिलीनं ओढावी तशी काळपट निळी रेघ होती. सर्जननं परबला विचारलं, काम काय करतोस? तोपर्यंत हे कुणीच विचारलं नव्हतं. त्यानं स्लाइड लॅबमध्ये पाठवली, झगा उतरवायला सांगितला आणि शिरेतून कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. चहाच्या वेळेपर्यंत कळ ओसरली होती.

पण परबचा उजवा हात मनगटापासून लुळा पडायला लागला होता. पंजा खाली लोंबायचा, उचलावा म्हटलं तर उचलायचा नाही. सही करताना तो डाव्या हातानं उजवा हात धरून रजिस्टरवर ठेवायचा.

आता खरातबाईंनी तपशीलवार रिपोर्ट लिहिला. ज्यांच्या रक्तात ठिपके जास्त, त्यांची नावं खाली दिली होती. त्यांना ताबडतोब शिशापासून दूर, पॅकिंगमध्ये किंवा गोडाऊनमध्ये काम द्यावं आणि पेस्टिंगच्या मशीनवर भुकटी ओढून घेणारे पंखे बसवावेत, असं दोन कलमांत. मी तो टाईप केला. पर्सोनेल मॅनेजर मेहेंदळे यांनी तो वाचून बाईंना केबिनमध्ये बोलावलं, बसायला सांगितलं, चहा पाजला. "अशी माहिती आम्हाला आजवर कुणी दिलीच नव्हती," ते म्हणाले. बाई परत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा आणि शेवटचं समाधान पाहिलं.

पंधरा दिवसांनी यादीतले सगळे बदली कामगार कमी झाले. 'प्रकृतीच्या कारणास्तव.' ती पत्रंही मीच टाईप केली, एका दिवसात. नावं रिपोर्टमधून जशीच्या तशी उतरवायची होती, त्यामुळे काम लवकर झालं. पुढच्या आठवड्यात गावाहून आलेले नवे, निरोगी लोक पेस्टिंगमध्ये भरले. पंख्यांचं कलम फाईलमध्येच राहिलं.

परब पत्र घेऊन दवाखान्याच्या खिडकीशी आला. लोंबणारा हात त्यानं शर्टाच्या दोन बटणांमध्ये अडकवला होता.

"बाई," तो म्हणाला, "तुमी माजा पोट वाचवल्यात, आनि मगे पोटारच मारल्यात."

बाईंनी हात पुढे करून त्याच्याकडून पत्र घेतलं, वाचलं आणि परत दिलं. परब निघून गेला. त्यानंतर त्या बराच वेळ मायक्रोस्कोपची भिंगं पुसत बसल्या. मला वाटलं आता मेहेंदळ्यांचा उद्धार होईल. झाला तो त्यांचा स्वतःचाच.

"सोळा वर्षं नोकरी केली आणि शेंडी लावून घेतली," त्या म्हणाल्या. "मी त्यांना नावं दिली. ताटात वाढून दिली." मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "आणि तू टाईप केलीस. एक खाडाखोड नाही. शाबास."

मी म्हटलं, "बाई, मला सांगितलं ते मी केलं."

"तेच तर म्हणतेय."

त्यानंतर कामगार रक्त देईनात. बाई खात्यात गेल्या की माणसं मशीनमागे सरकायची. त्यांना 'जळू' म्हणायला लागले. कुणीतरी दवाखान्याच्या दारावर खडूनं जळू काढलीही होती. बाईंनी ती पुसली नाही. म्हणाल्या, "चित्र बरं जमलंय. दिघ्यांचं काढलं असतं तर एवढं ओळखता आलं नसतं."

एका रविवारी सकाळी त्यांनी मला भांडुपला बोलावलं. मी मुलुंड पूर्वेला राहायचे, त्यांना घाटकोपरहून यायचं होतं. तिथं परबच्या गाववाल्यांची एक खोली होती, पाळीपाळीनं झोपणारी वीसेक माणसं. परबनंच बाईंना तिथं न्यायचं कबूल केलं होतं. तो आता स्टेशनबाहेर नारळ विकायचा आणि त्याचा राग उतरला होता. राग उतरायचं कारण त्याच्या उजव्या हातात होतं, ते त्यानं आम्हाला खोलीत गेल्यावर दाखवलं.

बाई पत्र्याच्या ट्रंकेवर बसल्या. समोर माणसं दाटीनं बसलेली, काही दारात.

बाईंनी माफी मागितली, पण माफी मागायची त्यांची रीत अशी होती: "मी मूर्ख ठरले. तुमची नावं त्यांना दिली, ती चूक माझी. पण तुम्ही माझ्याहून मूर्ख आहात. भुकटीच्या हातांनी तंबाखू मळता. त्याच कपड्यांत घरी येता, त्याच अंथरुणात पडता. सुट्टीत गावाला जाता आणि तोच शर्ट बायकोला धुवायला देता. मिशा कशाला वाढवल्यात? शिसं साठवायला?"

कोपऱ्यातून एक म्हातारा कामगार म्हणाला, "आनि रक्त दिलांव तर आमची नावा परत साहेबाकडे जातली."

"नाही जाणार. नंबर घालीन. नंबर कुणाचा कुठला, ती वही माझ्या घरी राहील. तुझा रिपोर्ट तुझ्या हातात देईन. कंपनीला फक्त खात्याचा देईन."

तेव्हा परब पुढे झाला. त्यानं उजवा हात सगळ्यांसमोर धरला आणि हळूहळू पंजा वर उचलला. पुरता नाही, पण मनगटाच्या रेषेच्या थोडा वर. बोटं थरथरत होती.

"तीन म्हयने भायर आसंय," तो म्हणाला. "औषध नाय, गोळी नाय. नुसतो भायर आसंय."

त्या आठवड्यात रक्त द्यायला रांग लागली.

पुढच्या वेळी मेहेंदळ्यांच्या टेबलावर रिपोर्ट गेला तो एका पानाचा होता, एकही नाव नसलेला. त्यात लिहिलं होतं की पेस्टिंग खातं आजारी आहे, खातं दुरुस्त करावं. मेहेंदळे तो कागद हातात घेऊन स्वतः दवाखान्यात आले. दिघेही होते.

"बाई, नावं राहिली."

"नावं नाहीत साहेब. नंबर आहेत."

"मग नंबर कुणाचे ते सांगा."

"आपण बसा ना. आपलं बोट द्या जरा."

मेहेंदळे गोंधळले, पण डॉक्टरांसमोर नाही कसं म्हणायचं. त्यांनी बोट दिलं. बाईंनी थेंब घेतला, स्लाइड वाळवली, रंग दिला. हे सगळं होईपर्यंत साहेब दवाखान्याच्या स्टुलावर बोटाला कापूस लावून बसले होते, आणि आमच्या खात्यातली माणसं काहीतरी निमित्त काढून पार्टिशनपाशी येऊन जात होती. मग बाईंनी दोन स्लाइड एकामागून एक लावून त्यांना पाहायला सांगितलं.

"यातली माझी कुठली?" मेहेंदळ्यांनी विचारलं.

"जिच्यात काही नाही ती."

मेहेंदळ्यांनी बोटावरचा कापूस काढून टाकला. तो माणूस वाईट नव्हता, असं म्हणायची पद्धत आहे. तो वाईटच होता, फक्त त्याला त्याची आठवण क्वचित व्हायची. तशी ती त्या मिनिटाला झाली असावी, कारण त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "आम्ही करायचं तरी काय?"

"पंखे बसवा. भिंतीत नव्हे, मशीनच्या तोंडाशी. भुकटी नाकात जायच्या आत ओढणारे."

"ते वरच्यांच्या हातात आहे. माझ्या हातात नावं आहेत."

"नावं आपल्या हातात नाहीत, साहेब," बाई फार नम्रपणे म्हणाल्या.

संध्याकाळी मेहेंदळ्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. तुम्ही पार्टिशनला लागून बसता, नंबर कुणाचे ते तुमच्या कानावर आलं असेल, म्हणाले. आलं होतं. निम्मे तरी मला पाठ होते. मी म्हटलं, "नाही सर, माझ्या मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही." त्या कारखान्यात मी केलेलं धाडस एवढंच, म्हणून ते इथं लिहून ठेवते.

भोपाळ झालं आणि सगळीकडे फॅक्टरी इन्स्पेक्टर फिरू लागले. आमच्याकडेही एक येणार होता. आधी आठ दिवस खात्याला चुना लावला, कुंड्या आणल्या. इन्स्पेक्टर आला तेव्हा त्याच्या बॅगेत खरातबाईंचा एका पानाचा रिपोर्ट आधीच होता. तो त्यांनी रजिस्टर पोस्टानं पाठवला होता, आपल्या नावासकट, पत्त्यासकट. इन्स्पेक्टर कुंड्या न बघता सरळ पेस्टिंगमध्ये गेला, रुमाल नाकाला लावून दहा मिनिटं उभा राहिला आणि लेखी आदेश देऊन गेला.

पंखे बसायला चार महिने लागले. बाईंना काढायला दोन. कंपनीची गोपनीय माहिती बाहेर दिली, वरिष्ठांची आज्ञा मोडली, असे आरोप होते. आरोपपत्र मी टाईप केलं.

चौकशी कँटीनच्या वरच्या हॉलमध्ये झाली. टेबलामागे कंपनीनं आणलेला एक वकील चौकशी अधिकारी म्हणून, बाजूला मेहेंदळे. बाईंबरोबर कुणी नव्हतं. युनियनच्या सेक्रेटरीनं आदल्या दिवशी येऊन "आमचा नैतिक पाठिंबा आहे" असं सांगितलं होतं, त्यावर बाई म्हणाल्या होत्या, "तो जपून ठेवा, गुळाच्या वेळी लागेल."

साक्षीदार म्हणून बाईंनी एकच नाव दिलं होतं. माझं.

"पहिला रिपोर्ट या मुलीनं टाईप केला," त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या. "कमी केलेल्या माणसांची पत्रंही हिनंच टाईप केली. दोन्ही याद्या एकच होत्या का, एवढंच हिला विचारा. मी नावं का दिली नाहीत, ते तुम्हाला कळेल."

अधिकाऱ्यानं मला विचारलं. मेहेंदळे माझ्याकडे पाहत होते. माझं तेव्हा कायम व्हायचं राहिलं होतं, घरी सासूसासरे, मला तिसरा महिना होता. ही सगळी कारणं खरी आहेत आणि मी ती तेव्हापासून अनेकांना सांगितली आहेत.

मी म्हटलं, "मी फक्त टाईप करते. वाचत नाही."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. बाईंनी चष्मा वर सरकवला.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "तिचं टायपिंग फार चांगलं आहे."

त्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो मेहेंदळ्यांशी बोलायचा आवाज होता. अगदी आदराचा.

त्या दुपारीच त्यांनी आपला कोट धुतला, वाळवला, घडी करून कागदात बांधला आणि गेल्या. नंबरांची वही कंपनीला कधीच मिळाली नाही. पंखे लागले, पेस्टिंगला लागून नळ आणि न्हाणीघर झालं, कामाचे कपडे कारखान्यातच धुवायची सोय झाली. त्यांच्या जागी आलेल्या टेक्निशियननं वर्षानं रक्त तपासलं तेव्हा ठिपके पुष्कळ कमी झाले होते. कंपनीनं त्या सुधारणेचा फोटोसकट अहवाल छापला. मी टाईप केला. दिघ्यांचं नाव त्यात तीनदा होतं. कमी केलेल्यांपैकी काहींना परत बोलावलं. परबलाही पत्र गेलं. तो आला नाही. मला स्टेशनबाहेर भेटला तेव्हा कोयत्यानं नारळ सोलत होता, उजव्या हातानं. म्हणाला, "त्यांका सांगा, माजी तब्येत आता त्यांच्या कामाक लायक ऱ्हवली नाय."

बाई अंधेरीला एका छोट्या लॅबमध्ये लागल्या, असं त्याच्याकडूनच कळलं. मी पत्ता घेतला. गेले नाही.

तीन वर्षांनी मार्चमध्ये माझ्या मिस्टरांच्या ऑफिसची मनोरीला सहल होती. खाडी ओलांडायला मार्व्याच्या धक्क्यावर आम्ही पंचवीस-तीस जण, शिवाय कोळणी, त्यांच्या पाट्या, दोन सायकली. होडी आधीच भरली होती तरी ती हाकणारा तांडेल अजून माणसं घेत होता. मी मुलीला मांडीवर घेऊन मधल्या फळीवर बसले होते. आणि धक्क्यावरून ओळखीचा आवाज आला.

"बत्तीस झाली. ही होडी किती माणसांची?"

खरातबाई होत्या. केस पुष्कळ पांढरे झाले होते. बरोबर शेजारपाजारच्या असाव्यात अशा तीन बायका आणि एक म्हातारे गृहस्थ.

तांडेल म्हणाला, "बाई, पाच मिनटांचा पानी हाय. बसा ना."

"मला माहीत आहे किती मिनिटांचं आहे. मी विचारलं, किती माणसांची?"

होडीतले लोक हसले. मिस्टरांचे साहेब म्हणाले, "आजी, घाबरू नका, आम्हाला पोहता येतं." बाईंनी त्यांच्याकडे वळून "आपल्यासारखी माणसं आहेत म्हणून निश्चिंत आहे" असं म्हटलं, आणि साहेबांनी खूश होऊन मान डोलावली. मग बाईंनी आपल्या बरोबरच्या चौघांना मागे घेतलं आणि होडीतल्या लोकांना स्वच्छ सांगितलं, "उतरा. दुसरी येईल. घाई कसली आहे?"

एक कोळीण पाटी घेऊन उतरली. तिच्यामागून दोन पोरींना घेऊन एक बाई उतरली. तेवढ्यात खरातबाईंची नजर फळ्यांवरून फिरत माझ्यापर्यंत आली. त्यांनी मला ओळखलं. मग माझ्या मांडीवरच्या मुलीकडे पाहिलं आणि हात पुढे केला, नुसता, उतरणाऱ्याला आधारासाठी करतात तसा.

मिस्टर म्हणाले, "कोण आहेत गं?"

मी म्हटलं, "आमच्या ऑफिसात होत्या."

मी उठले नाही. सगळं ऑफिस बसलं होतं, साहेब समोर होते, पाचच मिनिटांचं पाणी होतं. तांडेलानं बांबू टेकून होडी लोटली. पाणी होडीच्या काठापासून वीतभरच खाली होतं, आणि मध्यावर गेल्यावर ते दोनदा आत आलं. मी मुलीला उचलून छातीशी धरलं आणि मागे पाहिलं. खरातबाई धक्क्याच्या अगदी टोकाला, पदर कमरेला खोचून उभ्या होत्या. उतरलेली माणसं त्यांच्याभोवती होती. आम्ही पार पोचेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.